सगळ्यांच्या गाण्याला बास, स्वतःच्या ट्यूनला वेळ नाही: पुण्यातल्या एका जॅझ बासिस्टचं प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण पुण्यातल्या एका बासिस्टचं आहे. नाव बदलून त्याला मिहीर म्हणूया. बाकीच्यांची ओळख पटेल असे तपशीलही बदललेत, पण निर्णय कुठल्या क्रमाने झाले, पैशाचं काय झालं आणि करारात काय लिहिलं होतं ते त्याच्या परवानगीने आहे तसंच ठेवलंय. मी पुण्यात गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांचे करार आणि हिशेब बघते, त्यामुळे यातलं बरंचसं माझ्या डोळ्यांसमोर घडलं.

मिहीर कोथरूडचा. लहानपणी तबल्याचा क्लास, मग मेकॅनिकल इंजिनिअरिंग, आणि फिरोदिया या आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेसाठीच्या कॉलेजच्या टीममध्ये बास गिटार, कारण गिटारवाले आधीच तीन होते आणि बास कोणालाच नको होता. नंतर चाकणला नोकरी. नोकरी करता करता जॅझ ऐकायला लागला आणि २०१६ मध्ये एक सेकंडहँड डबल बास विकत घेतला. घरी आणला तेव्हा लिफ्टमध्ये मावेना म्हणून जिन्याने चढवला. २०१८ मध्ये नोकरी सोडली.

ज्यांनी डबल बास जवळून बघितला नसेल त्यांच्यासाठी थोडं सांगते, कारण पुढचे बरेच निर्णय या वाद्याच्या स्वभावातून आलेत. वाद्य माणसाएवढं उंच. चार जाड तारा, खालून ई, ए, डी, जी. सगळ्यात खालची ई साधारण ४१ हर्ट्झची, म्हणजे मोबाईलच्या स्पीकरवर तिचा मूळ स्वर पोचतच नाही, वरचे काही अंश तेवढे ऐकू येतात. त्यामुळे मिहीरच्या क्लिप लोक फोनवर बघायचे, सॅक्सोफोन किती छान वाजलाय म्हणून कमेंट करायचे आणि बास काय करतोय हे कळायचंच नाही. गायक किंवा सॅक्सवाला रीलवर नाव कमावतो, बासवाल्याचं नाव फक्त वाजवणाऱ्यांमध्येच होतं, पण तिथे मात्र पक्कं होतं. ज्या बँडचा बास डळमळीत त्या बँडचं सगळंच डळमळीत, आणि हे ज्या बँडलीडरला कळतं तो चांगल्या बासिस्टला सोडत नाही.

लॉकडाऊनमध्ये गिग, म्हणजे वाजवायची कामं, बंद. मिहीरने ऑनलाइन क्लास घेतले आणि उरलेल्या वेळात नऊ ट्यून, म्हणजे वाद्यांसाठीच्या स्वतःच्या रचना, लिहिल्या. बास, पियानो, ड्रम्स, टेनर सॅक्स आणि ट्रम्पेट अशा पाच जणांसाठी. त्यातली एक रूपक तालात आहे, तिच्याबद्दल पुढे लिहिलंय. पियानोवर कॅम्पातले एक ज्येष्ठ, चर्चमध्ये वाजवून तयार झालेले, त्यांना सगळे अंकल म्हणतात. ड्रमर पिंपरीचा, रॉकमधून आलेला. ट्रम्पेटवाला लग्नाच्या बँडवाल्यांच्या घरातला, वडील-आजोबा दोघंही वाजवायचे. कान असा की एकदा ऐकलं की वाजवणार, पण स्टाफ नोटेशन, म्हणजे पाच रेघांवर लिहिलेलं पाश्चात्त्य संगीत, अजिबात वाचत नाही.

प्रश्न नेमका काय होता

२०२२ मध्ये सगळं एकदम उघडलं आणि कामाचा पूर आला. कोरेगाव पार्कातल्या एका हॉटेलच्या लाउंजमध्ये आठवड्याला तीन रात्री, वीकेंडला संगीत सेरेमनी, मधेच मुंबईला सेशन, कंपन्यांचे इव्हेंट. मुंबईला जायचं म्हणजे वॅगनआरची पुढची सीट पूर्ण मागे पाडायची, बास आडवा घालायचा, मान डॅशबोर्डपर्यंत येते, आणि मग एक्सप्रेसवेवर खड्डा आला की जीव खालीवर. पैसे बरे मिळत होते. चाकणच्या पगाराएवढे नाही, पण वारज्यातल्या फ्लॅटचा हप्ता जायचा आणि थोडे उरायचेही.

पण २०२२ च्या सुरुवातीपासून २०२३ च्या जुलैपर्यंत त्याने एकही नवीन ट्यून पूर्ण केली नाही. जुन्या नऊ कोणासमोर वाजवल्याच नव्हत्या. पाच जणांची तारीख जुळायची नाही, जुळली तर त्या दिवशी मिहीरलाच कोणाचातरी फोन यायचा आणि त्याच्याच्याने नाही म्हणवायचं नाही, कारण बासिस्टने एकदा नाही म्हटलं की दुसरा उभा राहतो आणि मग तो दुसराच कायमचा होतो, ही भीती. ती भीती खरीच आहे, उगाच नाही.

त्यात डावा हात दुखायला लागला. अंगठ्याच्या मुळापासून मनगटापर्यंत. याला पुण्याचा पावसाळाही कारणीभूत होता हे नंतर कळलं. दमट हवेत बासचं पोट फुगतं, तारा ज्यावर टेकतात तो ब्रिज वर येतो, तारा फिंगरबोर्डपासून लांब जातात आणि तीच नोट दाबायला जास्त जोर लागतो. मिहीरच्या ब्रिजला उंची कमी-जास्त करायचे ॲडजस्टर नव्हते, म्हणजे तो जून ते सप्टेंबर जड बास वाजवत होता, आठवड्याला पाच-पाच रात्री.

आणि याच जुलैमध्ये मुंबईच्या एका म्युझिक प्रॉडक्शन कंपनीकडून ऑफर आली. जाहिराती, वेब सिरीज, बॅकग्राउंड स्कोअर असं काम. दोन वर्षांचा करार, महिन्याला ९०,००० रुपये, घरबसल्या. उत्तर पंधरा दिवसांत हवं. त्याने मला फोन केला, "ताई, एकदा वाचशील का, मला तर चांगलंच वाटतंय."

वाचलं. पहिल्या दोन पानांवर खरंच चांगलं होतं. तिसऱ्या पानापासून असं होतं की या दोन वर्षांत मिहीर जे काही संगीत रचेल ते कंपनीचं, जगभरात, कायमचं. क्रेडिट द्यायचं की नाही ते कंपनी ठरवणार. रॉयल्टीवरचा हक्क मिहीर सोडून देतो. स्वतःच्या नावाने कार्यक्रम करायचा तर लेखी परवानगी. आणि शेवटी एक परिशिष्ट, ज्यात 'आधी रचलेल्या, अप्रकाशित रचना' लिहायला रिकामी जागा. म्हणजे त्या नऊ ट्यूनसुद्धा कंपनीच्या.

समोर असलेले पर्याय

आम्ही वारज्याला त्याच्या घरी बसलो. मिहीर, त्याची बायको जी हिंजवडीला आयटीत आहे, आई-बाबा आणि मी. अशा बैठकीत नेहमी असं होतं की प्रश्न 'नोकरी की कला' असा मांडला जातो आणि मग दोन तास तिथेच गोल गोल फिरत बसतात. म्हणून मी आधी म्हटलं की कागदावर चार गोष्टी लिहूया.

पहिला पर्याय, करार आहे तसा सही करणे. बाबा बँकेतून निवृत्त झालेले, त्यांना हा एकदम पटला होता. "नव्वद हजार दरमहा म्हणजे नोकरीच की रे, आणि हातालाही आराम." त्यांचं म्हणणं चुकीचं नव्हतं. हात दुखत असताना ज्यात कमी वाजवायचं आणि जास्त लिहायचं अशी ऑफर येणं ही खरंच मोठी गोष्ट होती. पण आईने विचारलं, "मग ते तुझं रूपकातलं कोणाचं होणार?" मिहीर काहीच बोलला नाही. मला वाटतं पहिला खरा निर्णय तिथेच झाला, कायदा नंतर आला.

कायद्याचं थोडं. २०१२ मध्ये कॉपीराइट कायद्यात दुरुस्ती झाली. त्यानुसार सिनेमात किंवा ध्वनिमुद्रणात वापरलेल्या संगीताची रॉयल्टी मिळण्याचा संगीतकाराचा हक्क करारात लिहून काढून घेता येत नाही, तो फक्त वारसांना किंवा कॉपीराइट सोसायटीला देता येतो. सिनेमाच्या बाबतीत थिएटरमध्ये दाखवणं सोडून बाकीच्या वापराला हे लागू होतं. म्हणजे रॉयल्टी सोडून देण्याचं कलम तसंही टिकणारं नव्हतं. पण परिशिष्टाचं तसं नाही. जुन्या रचनांचे हक्क लेखी सही करून दिले की दिले. मुदत लिहिली नसेल तर पाच वर्षं आणि प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत असं कायदा धरतो, पण इथे 'कायम' आणि 'जगभर' दोन्ही स्पष्ट लिहिलेलं होतं, त्यामुळे ती पळवाट बंद.

क्रेडिटचा मुद्दा मिहीरला सुरुवातीला छोटा वाटत होता. मी त्याला आपल्याच इतिहासाची आठवण करून दिली. सी. रामचंद्रांच्या गाण्यांमधला तो ब्रास, तो स्विंग, त्यामागे चिक चॉकलेटसारखे गोव्याचे जॅझवाले होते, सॅबॅस्टियन डिसोझा आणि अँथनी गोन्साल्विस यांच्यासारख्यांनी हिंदी सिनेमाच्या ऑर्केस्ट्राचा आवाज घडवला आणि पडद्यावर त्यांची नावं बहुतेक वेळा आलीच नाहीत. आज ती नावं आपल्याला माहीत आहेत ती संशोधन करणाऱ्यांच्या मेहनतीने. गाणी घरोघरी, अरेंजर कोण ते कोणालाच माहीत नाही. ज्याचं वाद्य फोनवरही ऐकू येत नाही त्याने नावाचं कलम सोडून देऊ नये असं माझं स्पष्ट मत होतं आणि आहे.

दुसरा पर्याय, आहे तसंच चालू ठेवणे, साइडमन म्हणून, म्हणजे दुसऱ्यांच्या बँडमध्ये साथ करत. यात कमीपणा काहीच नाही. रॉन कार्टर बघा, आधी चेलो शिकलेला माणूस, १९६३ ते १९६८ ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिसच्या क्विंटेटमध्ये, म्हणजे पाच जणांच्या बँडमध्ये, आणि २०१५ मध्ये गिनेसने त्याच्या नावावर २,२२१ रेकॉर्डिंगची नोंद केली, जॅझमधला सगळ्यात जास्त रेकॉर्ड झालेला बासिस्ट म्हणून. आयुष्यभर दुसऱ्यांना आधार देणं ही मोठीच कला आहे. पण कार्टरने त्यासोबत स्वतःच्या नावाच्या रेकॉर्डही केल्या, आणि मिहीरच्या बाबतीत तर हातच साथ देत नव्हता. हा पर्याय पावसाळ्यापुरता तरी बंदच होता.

तिसरा, परत इंजिनिअरिंग. भोसरीला मित्राची कंपनी आहे, घेतला असता. बायकोने विचारलं तेव्हा मिहीर म्हणाला की संध्याकाळी आठला घरी येऊन बास उचलायची ताकद राहत नाही हे मी केलेलं आहे, मला माहितीये. दोन मिनिटांत संपला. परदेशी शिकायला जायचा विषय बाबांनीच काढला आणि हप्त्याचा आकडा आठवून त्यांनीच सोडला.

चौथा, कंपनीशी बोलायचं. महिन्याचा पगार नको, पण एकेका प्रोजेक्टचं काम द्या, त्या कामाचे हक्क घ्या, जुन्या रचनांना हात लावू नका. आणि त्याबरोबर गिग कमी करून आठवड्यातले दोन दिवस स्वतःच्या बँडसाठी मोकळे ठेवायचे. यात पैसे सगळ्यात कमी दिसत होते, आणि कंपनी सरळ नाही म्हणेल अशी शक्यता मोठी.

इथे मिहीरने चार्ल्स मिंगसचं नाव काढलं, आणि मला ते पटलं. मिंगसपण बासिस्ट आणि संगीतकार, १९२२ चा जन्म, तोसुद्धा चेलोवरून बासवर आलेला. १९५० मध्ये रेड नॉर्वोच्या ट्रिओने बोलावलं तेव्हा तो पोस्टात नोकरी करत होता. पुढे १९५२ मध्ये त्याने ड्रमर मॅक्स रोचबरोबर डेब्यू नावाची स्वतःची रेकॉर्ड कंपनी काढली, कारण मोठ्या कंपन्यांच्या हातात आपलं संगीत द्यायचं नव्हतं. ती कंपनी काही वर्षांतच बंद पडली. पण टोरांटोतल्या मॅसी हॉलमध्ये १५ मे १९५३ ला चार्ली पार्कर, डिझी गिलेस्पी, बड पॉवेल, रोच आणि मिंगस असे जॅझमधले पाच दिग्गज एकत्र वाजवले ती मैफल याच कंपनीने बाहेर काढली. मिहीरचं म्हणणं एवढंच होतं की त्या माणसाने पोस्टात नोकरी केली पण रचना विकून मोकळा झाला नाही.

बायकोने मग जे सांगितलं ते या सगळ्या प्रकरणातलं सगळ्यात उपयोगी वाक्य होतं. "हप्ता मी आठ महिने एकटी भरू शकते. पण आठ महिन्यांनी आपण परत इथेच बसायचं आणि हिशेब बघायचा, तारीख आत्ता लिही." तारीख लिहिली. चौथा पर्याय ठरला.

काय केलं

कंपनीला मेल लिहायला आम्ही एक आख्खी संध्याकाळ घेतली. 'नाही' कुठेच लिहिलं नाही. काम आवडेल, पण प्रोजेक्टवार, त्या प्रोजेक्टसाठी लिहिलेले तुकडेच तुमचे, परिशिष्ट काढा, टायटलमध्ये नाव द्या, रॉयल्टी कायद्याप्रमाणे. दोन आठवडे उत्तर नाही. मिहीर रोज फोन करून विचारायचा की आपण फार ताणलं का. मग फोन आला, मासिक पगार होणार नाही, पण एका सिरीजच्या कामाचं बघू, ४०,००० देऊ. बाकी अटी मान्य. हे काम झालं आणि त्यानंतर दर दोन-अडीच महिन्यांनी एक असं येत राहिलं.

माझं आजही मत आहे की त्या वेळी थोडं जास्त मागता आलं असतं. मिहीरला तसं वाटत नाही, तो म्हणतो हात दुखत असताना मी घासाघीस करण्याच्या स्थितीत नव्हतो. दोन्ही बाजूंना अर्थ आहे.

दुसरं, हात. तीन आठवडे पूर्ण विश्रांती, फिजिओ, ब्रिजला ॲडजस्टर बसवले, तारा कमी ताणाच्या घेतल्या. आता तो जूनमध्ये ब्रिज खाली करतो आणि पावसाळा गेला की परत वर. मार्च-एप्रिलच्या कोरड्या हवेत उलटा प्रॉब्लेम, लाकूड आकसतं आणि सांधे उकलतात, म्हणून उन्हाळ्यात खोलीत ओलावा ठेवायला लागतो. बासिस्टच्या महिन्याच्या खर्चात वाद्याची देखभाल हे वेगळं खातं हवं, आणि ते कोणीच ठेवत नाही. बाकीचे गिटारवाले तारा बदलतात आणि झालं, इथे वर्षाला एक मोठं दुरुस्तीचं काम निघतंच.

तिसरं, सोमवार-मंगळवार बंद. काही झालं तरी त्या दोन दिवशी बाहेरचं काम घ्यायचं नाही. हॉटेलच्या तीन रात्रींपैकी एक मंगळवार होता. मिहीरने बँडलीडरला व्हॉट्सॲपवर कळवलं, सर, मंगळवारी मी माझ्याऐवजी दुसरा बासिस्ट पाठवतो. उत्तर आलं की मग तिन्ही रात्री त्यालाच पाठव. एका मेसेजमध्ये महिन्याचं निम्मं उत्पन्न गेलं. सप्टेंबर २०२३, गणपती तोंडावर. तो आठवडा त्याच्या घरी वाईट गेला, बाबा दोन दिवस त्याच्याशी बोलले नाहीत.

पण सबची, म्हणजे आपल्याऐवजी पाठवायच्या बासिस्टची, यादी करणं हा निर्णय बरोबरच होता. दोन तरुण बासिस्ट, एक त्याचाच विद्यार्थी. त्यांना चार्ट दिले, कुठल्या गायिकेला कुठला स्केल लागतो, कोण शेवट लांबवतो, कोण साउंडचेकला उशिरा येतो ही सगळी माहिती दिली. भीती होती की हेच आपली कामं घेतील. काही घेतली. पण उलट फोनही यायला लागले, कारण बँडलीडरला कळलं की मिहीरला सांगितलं की माणूस येतोच.

चौथं, रिहर्सल. कर्वेनगरमधली एक खोली भाड्याने. प्रत्येक वाजवणाऱ्याला दर रिहर्सलचे ५०० रुपये द्यायचे का नाही यावर बराच खल झाला. अंकल म्हणाले, "अरे बाबा, मला कशाला पैसे, मी येतो." मी सांगितलं की अंकलनाही द्यायचे. एकाला दिले आणि दुसऱ्याला नाही असं झालं की तिसऱ्या आठवड्यात माणसं गळतात. पैसे दिल्यावर ट्रम्पेटवाला लग्नसराईतसुद्धा सोमवार मोकळा ठेवायला लागला, मुहूर्ताचा दिवस असेल तर आधीच सांगायचा.

त्याला नोटेशन येत नाही हा प्रश्न होताच. आधी मिहीरने त्याला स्टाफ शिकवायचा प्रयत्न केला, त्यात महिना गेला आणि तो कंटाळला. मग मिहीरने कागद बाजूला ठेवले आणि प्रत्येकाचा भाग गाऊन दाखवायला सुरुवात केली. मिंगस त्याच्या जॅझ वर्कशॉपमध्ये हेच करायचा, लिहून द्यायच्या ऐवजी गाऊन किंवा पियानोवर वाजवून शिकवायचा, म्हणजे वाजवणारा कागदाकडे न बघता ऐकतो. आपल्याकडे तर ही रोजचीच पद्धत आहे, गुरुजी म्हणतात आणि शिष्य उचलतो. ट्रम्पेटवाल्याने दोन बैठकांत चार ट्यून उचलल्या. अडखळायला लागला तो सॅक्सवाला, कारण त्याला कागद लागायचा.

आता ती रूपकातली ट्यून. सात मात्रा, तीन-दोन-दोन, तीं तीं ना, धी ना, धी ना. रूपकाची गंमत म्हणजे समेवरच 'खाली', म्हणजे बिनवजनाची मात्रा, आहे, पहिल्या मात्रेवर डग्ग्याचा भरीव आवाज नाही, वजन चौथ्या मात्रेच्या धीवर येतं. मिहीर तबला शिकलेला, त्याच्या अंगात हे होतं. त्याने बासची ओळ अशी लिहिली होती की समेवर बास गप्प, आणि चौथ्या मात्रेवर खालचा मूळ स्वर. पण रिहर्सलमध्ये ट्यून काही केल्या उभीच राहीना, प्रत्येक वेळी परीक्षेला बसल्यासारखी वाजायची. मी त्या दिवशी तिथे होते. चौथ्या की पाचव्या वेळी मिहीर थांबला आणि ड्रमरला म्हणाला, "तू एकवर किक मारतोयस ना?" किक म्हणजे पायाने वाजवायचा मोठा ड्रम. ड्रमर म्हणाला, "एकवर नाही मारली तर एक कुठेय ते कळणार कसं?" रॉकमधून आलेल्या माणसाला पहिल्या मात्रेवर पाय आपटायची सवय, आणि बास तिथे मुद्दाम मोकळी जागा सोडत होता, ती जागा किक भरून टाकत होती. मिहीरने त्याला किकवरून पाय काढून खाली ठेवायला सांगितला, पहिल्या तीन मात्रा फक्त राइड सिंबल, चौथीला बास आणि किक एकदम. अंकलना डावा हात बंद करायला सांगितलं, म्हणजे खालचे स्वर फक्त बासचे. आणि मग ती ट्यून चालायला लागली, तीन मात्रा वर तरंगायची आणि चौथीला जमिनीवर यायची. ड्रमर स्वतःशीच हसत होता.

पाचवं, वाजवायचं कुठे. पबमध्ये नाही हे लवकर ठरलं, तिथे गप्पांच्या आवाजात सगळ्यात आधी बासच बुडतो. पेठेतला शंभरेक खुर्च्यांचा एक छोटा रंगमंच घेतला, तिकीट २५० रुपये. मला धाकधूक होती. पण पुण्यात सवाई ऐकून तयार झालेला श्रोता आहे, जो बसून ऐकतो, आणि प्रायोगिक नाटकाचा प्रेक्षक आहे जो नवीन बघायला येतो. पहिल्या कार्यक्रमाला निम्म्याहून जास्त खुर्च्या भरल्या. रूपकाला दुसऱ्या रांगेतले एक आजोबा हातावर ताल धरून बसले होते, आणि बास जिथे गप्प राहायचा बरोबर तिथे त्यांचा तळवा उलटा व्हायचा, ताल धरताना खाली अशीच दाखवतात. जॅझ त्यांनी किती ऐकलंय माहीत नाही, पण खाली कुठे आहे ते त्यांना कळलं होतं.

सहावं, रेकॉर्डिंग. फेब्रुवारी २०२४, दोन दिवस, पाचही जण एका खोलीत, क्लिक ट्रॅक, म्हणजे कानात वाजणारी लयीची टिकटिक, न लावता. इंजिनिअरने बासला फक्त पिकअप, म्हणजे वाद्यालाच लावलेलं कंपन पकडणारं यंत्र, लावू म्हटलं, मिहीर माइकसाठी अडून बसला, कारण पिकअपमध्ये तार ऐकू येते, लाकूड नाही. सगळा मिळून खर्च पावणेदोन लाखांच्या आसपास. एक एफडी मोडली.

निकाल

आठ महिन्यांची तारीख आली तेव्हा आम्ही परत बसलो. उत्पन्न आधीच्या वर्षाच्या तुलनेत जवळजवळ एक तृतीयांशाने खाली होतं, हे तिथे कोणी लपवलं नाही. पण कंपनीची कामं, विद्यार्थी आणि निवडक गिग मिळून हप्ता निघत होता. बायकोने अजून सहा महिने दिले. पुढच्या वर्षभरात आकडा पूर्वीच्या जवळ आला, त्यात एका नाट्यसंस्थेने नाटकाच्या संगीतासाठी दिलेलं काम मोठं होतं. ते काम त्या रंगमंचावरच्या कार्यक्रमातूनच आलं.

अल्बमच्या स्ट्रीमिंगचे पैसे म्हणाल तर नगण्य. खर्च अजून निघालेला नाही आणि फक्त स्ट्रीमिंगवर कधी निघेल असं मला वाटत नाही. कार्यक्रमही सगळे भरले नाहीत, पावसाळ्यातले दोन तोट्यात गेले. ट्रम्पेटवाल्याला बंगळुरूला चांगलं काम मिळालं आणि तो गेला, आता चार जणच वाजवतात आणि तीन ट्यून परत लिहायला लागल्या. हॉटेलच्या बँडलीडरशी संबंध सुधारले नाहीत.

नवीन ट्यून मात्र होतायत. हात बरा आहे. आणि नऊच्या नऊ रचना त्याच्या नावावर आहेत (दोनमध्ये अंकलचाही वाटा आहे, ते पुढे लिहिलंय), आयपीआरएस या कॉपीराइट सोसायटीचा सदस्य होऊन त्याने त्या तिथे नोंदवल्यात.

वेगळं काय करता आलं असतं

हॉटेलचं काम व्हॉट्सॲपवर सोडायला नको होतं. त्या बँडलीडरला समोर बसून, चहा घेऊन, एक महिना आधी सांगितलं असतं तर कदाचित दोन रात्री राहिल्या असत्या. कदाचित नसत्याही, पण माणूस दुखावला नसता. पुण्यात वाजवणाऱ्यांचं जग एवढं छोटं आहे की तोच माणूस पाच वर्षांनी कुठल्यातरी कमिटीवर भेटतो.

रचनांची नोंद लॉकडाऊनमध्येच ठेवायला हवी होती. कॉपीराइट रचना लिहिल्याबरोबर मिळतो, नोंदणी सक्तीची नाही, पण वाद झाला तर तारीख दाखवायला काहीतरी लागतं. मिहीरच्या ट्यून वह्यांमध्ये आणि फोनच्या रेकॉर्डरमध्ये विखुरलेल्या होत्या, काही रेकॉर्डिंग फोन बदलताना गेली. स्वतःलाच तारीख घालून ईमेल केली असती तरी निदान काहीतरी हाताशी राहिलं असतं.

आठ महिन्यांची तारीख घरखर्चासाठी लिहिली तशी रेकॉर्डिंगच्या बजेटलाही मर्यादा लिहायला हवी होती. पहिला अंदाज एक लाखाचा होता. मिक्सिंगमध्ये तो वाढत गेला आणि एफडी मोडायचा निर्णय रात्री स्टुडिओत बसून घेतला गेला, घरी बसून नाही.

आणि सगळ्यात अवघड, अंकलचा. दोन ट्यूनमधला मधला भाग, ज्याला हे लोक ब्रिज म्हणतात, तो रिहर्सलमध्ये वाजवता वाजवता अंकलनी सुचवला होता. सोलोमध्ये वाजवलेलं वेगळं, ते त्या दिवसापुरतं. पण हा भाग ट्यूनमध्ये कायमचा बसला. दुसऱ्याच्या करारात क्रेडिटसाठी भांडताना स्वतःच्या खोलीत कोणी काय दिलं याची नोंद ठेवणं मिहीरच्या लक्षात आलं नाही, आणि अंकल स्वतःहून कधी बोलले नसते. रेकॉर्डिंग झाल्यावर, नाव लिहायची वेळ आली तेव्हा ड्रमरने विषय काढला. मिहीरने त्याच संध्याकाळी कॅम्पात जाऊन अंकलशी बोलणं केलं. त्या दोन ट्यूनवर आता दोघांची नावं आहेत, वाटा सत्तर-तीस. आणि रिहर्सलचं रेकॉर्डिंग आता दर सोमवारी होतं, फाइलच्या नावात तारीख आणि कोणी काय सुचवलं ते ड्रमर लिहितो.

कंपनीने यंदा परत दोन वर्षांच्या कराराचं विचारलंय, या वेळी परिशिष्टाशिवाय. मिहीरने मसुदा मागवलाय, आला की आम्ही वाचायला बसू.